मदत हवी आहे: बॅटरीवरचं सोल्डरिंग आयर्न तापतं, पण सोल्डर धरत नाही

सियागंज_केबल: गच्चीवर प्लग नाही म्हणून टाइप-सीवर चालणारं ६५ वॅटचं आयर्न घेतलंय. स्क्रीनवर ३५० दिसतं, पण टोक टेकवलं की सोल्डरचा नुसता गोळा होतो, पसरत नाही. बॅटरीवरची आयर्न अशीच असतात का? परत करून कोणतं घेऊ? उद्या सकाळी इंदूरमध्येच काम आहे, लवकर सांगा.

ओहम: भाऊ, ६५ वॅट आयर्न घेऊ शकतं, पण देणार कोण? पॉवर बँक कोणती, केबल कोणती, आणि जोडताय काय?

सियागंज_केबल: पॉवर बँक मोठी आहे, २०,००० एमएएच. केबल मोबाइलचीच. सीसीटीव्हीच्या ३+१ केबलला (एक व्हिडिओची जाळीवाली तार, तीन साध्या तारा) बीएनसी म्हणजे कॅमेऱ्याचा गोल कनेक्टर लावतोय, आणखी काय असणार.

तुकोगंज_१२: पॉवर बँकेच्या भानगडीत पडूच नका. ब्यूटेन गॅसचं काविया (सोल्डरिंग आयर्न) घ्या. ना वायर, ना चार्जिंग, आणि जाड तारेलाही पुरतं.

कॅथोड: गच्चीवर गॅस नको. बाजूच्या भोकातून निघणारी गरम हवा केबलचं पीव्हीसी वितळवते, आणि वारा असला की टोक थंड पडतं. हीटश्रिंक (तापवलं की आकसणारी नळी) बसवायला मात्र तीच हवा उत्तम.

तुकोगंज_१२: वाऱ्याकडे पाठ करून बसायचं. त्यात काय एवढं?

ओहम: एमएएचवरून किती वेळ चालेल ते कळतं, जोर किती ते नाही. पॉवर बँकेवर बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं, ते जसंच्या तसं टाका.

सियागंज_केबल: ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट २.२२ अँपिअर, १२ व्होल्ट १.६७ अँपिअर. केबल एका बाजूला साधी यूएसबी, दुसऱ्या बाजूला सी.

ओहम: इथेच अडलंय. या जातीच्या बऱ्याच टिपांचा (पुढच्या टोकांचा) रोध साधारण ८ ओहम असतो. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध: २० व्होल्टला ५० वॅट, १२ ला १८, ९ ला जेमतेम १०. साध्या यूएसबीच्या केबलवर पीडी (टाइप-सीवरून जास्त व्होल्टेज मागून घ्यायची पद्धत) चालतच नाही, म्हणजे १२ व्होल्टही मिळत असतीलच असं नाही. टिप मोकळी असताना १० वॅटवरही हळूहळू ३५० गाठते. बीएनसीची बॉडी टेकली की उष्णता ओढली जाते आणि भरून निघत नाही. मग आपण धरून ठेवतो, आणि तेवढ्यात आतलं प्लॅस्टिक मऊ होऊन मधली पिन सरकते.
आयर्न परत करू नका. २० व्होल्ट ३.२५ अँपिअर देणारी ६५ वॅटची पीडी पॉवर बँक घ्या, केबल दोन्ही टोकांना सी. टोकदार टिप काढून छिन्नीसारखी चपटी लावा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास. नुकसान धरून ६० मिळाले आणि सरासरी २० वॅट खर्च झाले, तर तीन तास.

जुनी_इंदूर: ड्रिलची १८ व्होल्टची बॅटरी आहे ना? आयर्नला डीसी जॅक असेल तर तीच लावा.

कॅथोड: पूर्ण चार्जला ती २१ व्होल्ट असते, चालेल. पण बऱ्याच पॅकमध्ये खालचा कटऑफ (बॅटरी फार उतरण्याआधी बंद करणं) ड्रिलच्या भरवशावर असतो. आयर्नच्या सेटिंगमध्ये ५ सेलला १५ व्होल्टचा कटऑफ लावा, नाहीतर सेल मरतात. आणि १२ व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड जोडू नका: भरलेल्या असताना २५ च्या वर जातात, आयर्नची मर्यादा बहुधा २४ असते.

फ्लक्सवाला: सोल्डर धरावं म्हणून ॲसिडची पेस्ट (फ्लक्स) वापरू नका. पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं. रोझिन फ्लक्स, ६०/४० सोल्डर.

पलासिया_डीव्हीआर: सगळे वॅटच मोजताय. स्वस्त ३+१ मध्ये व्हिडिओच्या तारेभोवतीची जाळी बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असते. ब्लेडने खरवडा: लाल दिसलं तर तांबं. आतूनही पांढरीच असेल तर साध्या फ्लक्सने ५० वॅटवरही सोल्डर धरणार नाही.

सियागंज_केबल: खरवडलं. आतूनही पांढरीच.

पलासिया_डीव्हीआर: मग जाळीला सोल्डर नकोच. उद्यासाठी स्क्रूचे बीएनसी न्या. क्रिम्पचे (पकडीने दाबून बसवायचे) घेतलेत तर केबलचा बाहेरचा व्यास मोजून त्याच मापाची डाय (पकडीतला साचा) घ्या.

ओहम: हे माझ्याकडून सुटलं, जाळीची चौकशी आधी करायला हवी होती. तरी १२ व्होल्टच्या डीसी पिनांना हेच आयर्न वापरा. वर सांगितलेली चपटी टिप आणि पॉवर बँक तिथेही लागेलच.

जुनी_इंदूर: ६५ वॅटची ती पॉवर बँक लॅपटॉपला चालेल का?

कॅथोड: लॅपटॉप टाइप-सी पीडीने चार्ज होत असेल तर चालेल. फक्त मे महिन्यात स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नका.