मदत हवी आहे: क्लासच्या अ‍ॅपला मुलीचं लोकेशन रात्रीपण कशाला लागतं? काय करता येईल?

नमस्कार मंडळी, नाशिकमधले पालक आणि ज्यांना अँड्रॉइडमधलं नीट कळतं अशा लोकांकडून सल्ला हवाय. जरा मोठं लिहितेय, पण पूर्ण वाचा प्लीज.

माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे, आम्ही इंदिरानगरला राहतो आणि तिचा क्लास कॉलेज रोडला आहे (नाव लिहीत नाही, तिला अजून तिथेच शिकायचंय). अ‍ॅडमिशन घेतानाच क्लासचं अ‍ॅप घ्यावं लागलं. हजेरी, टेस्टचे मार्क, लेक्चरचे व्हिडिओ, फीची पावती सगळं त्यातच असतं, त्यामुळे अ‍ॅप काढून टाका हा सल्ला कृपया देऊ नका.

तर पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्लासकडून एक मेसेज आला, सोबत स्क्रीनशॉट आणि त्यावर लाल बाण काढलेले. सेटिंग्जमध्ये जा, अ‍ॅप्स, परमिशन्स, लोकेशन, तिथे 'अलाऊ ऑल द टाइम' करा, मग बॅटरीमध्ये जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, नाहीतर हजेरी लागणार नाही. बहुतेक पालकांनी केलं, आम्हीपण केलं. नंतर वाचनात आलं की अँड्रॉइड ११ पासून ही परमिशन अ‍ॅपला साध्या पॉपअपमध्ये मागताच येत नाही, माणसाने स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन द्यावी लागते, आणि गूगलने हे मुद्दाम अवघड केलंय की लोकांनी दोनदा विचार करावा. म्हणजे जी आडकाठी आपल्या सुरक्षेसाठी घातलीये तीच कशी ओलांडायची ते क्लास पालकांना बाण काढून दाखवतोय. हे मला अजिबात पटलेलं नाही.

मग मी तिच्या फोनमध्ये प्रायव्हसी डॅशबोर्ड उघडून बघितला (अँड्रॉइड १२ आणि पुढच्या फोनला असतो, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीच्या खाली). त्यात लोकेशनवर टॅप केलं की शेवटच्या २४ तासात कुठल्या अ‍ॅपने किती वाजता लोकेशन घेतलं ती यादी येते. मॅप्स, वेदर, ते ठीक. पण क्लासचं अ‍ॅप रात्री १:५०, मग २:४०, मग पहाटे ४:१५, असं खाली खाली चालूच. पोरगी झोपलेली, फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावलेला. रविवारी क्लास नसतो तेव्हा आम्ही वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला गेलो होतो, त्या दिवशीपण दिवसभर नोंदी आहेत.

क्लासच्या ऑफिसमध्ये जाऊन विचारलं. तिथले सर वाईट बोलले नाहीत, म्हणाले अहो मॅडम, अ‍ॅप आम्ही नाही बनवलं, ते कंपनीकडून रेडीमेड घेतलंय, आम्हाला फक्त हजेरी दिसते. मला ते खरं वाटतं आणि म्हणूनच जास्त काळजी वाटते. क्लासला दिसत नाही, तर मग हे सगळं कोणाकडे जातंय? अशा रेडीमेड अ‍ॅपमध्ये दुसऱ्या कंपन्यांचा कोड घातलेला असतो, त्याला एसडीके म्हणतात, आणि माहिती तिथूनच बाहेर जाऊ शकते. अमेरिकेत एक्स-मोड नावाची कंपनी असंच करायची, छोट्या छोट्या अ‍ॅपवाल्यांना पैसे देऊन आपला कोड आत घालायची आणि लोकेशन पुढे विकायची, २०२० मध्ये अ‍ॅपल आणि गूगल दोघांनी तो कोड काढायला लावला. त्याच्याही आधी २०१३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने एका टॉर्चच्या अ‍ॅपवर कारवाई केली होती, नुसता दिवा लावणारं अ‍ॅप पण ते लोकेशन जाहिरातवाल्यांना देत होतं. आमच्या अ‍ॅपमध्ये असंच आहे असं मी म्हणत नाही, पण ते कळणार कसं हाच तर प्रश्न आहे.

सोळा वर्षांची मुलगी आहे हो. घर कुठे, क्लास कधी सुटतो, सिटीलिंकच्या कुठल्या स्टॉपवर उतरते, मैत्रिणीकडे कोणत्या वारी जाते, हे आम्ही शेजाऱ्यांनासुद्धा सांगत नसतो.

तर हजेरी न बुडता हे रात्रीचं लोकेशन बंद करता येईल का, डेटा कुठे जातो ते माझ्यासारखीला तपासता येईल का, आणि क्लासला कायद्याने काही विचारता येतं का? कोणी नाशिकमध्ये असं केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी अ‍ॅप डेव्हलपमेंटमध्येच आहे. आधी 'अलाऊ ओन्ली व्हाइल युजिंग द अ‍ॅप' करा. क्लासमध्ये पोचल्यावर तिने अ‍ॅप एकदा उघडलं की हजेरी लागायला पाहिजे, त्यासाठी ऑल द टाइम लागत नाही. प्रिसाइज लोकेशन मात्र चालू ठेवा, बंद केलं तर फोन साधारण ३ चौरस किलोमीटरचा अंदाज देतो आणि मग ती क्लासमध्ये आहे की कॅनडा कॉर्नरला ते अ‍ॅपला कळणार नाही. बॅटरीपण परत 'ऑप्टिमाइज्ड' करा. कॉन्टॅक्ट्स, मायक्रोफोन दिलं असेल तर काढा. आणि सेटिंग्जमध्ये अ‍ॅड्सखाली अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करा, वेगवेगळ्या अ‍ॅपमधली माहिती एकाच माणसाच्या नावाने जोडायला तो वापरतात. प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या पानावर 'डेटा सेफ्टी' आहे ते वाचा, पण ते डेव्हलपरने स्वतःच भरलेलं असतं, त्यामुळे तिथे 'शेअर करत नाही' लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका.

प्रतिसाद:
कायद्याचं सांगतो. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते, आणि मुलांचं ट्रॅकिंग आणि त्यांना टार्गेट करून जाहिराती यावर बंदी आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत दिलीये. शिक्षणसंस्थांना थोडी सूट आहे, पण ती शिक्षणाच्या कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरती. रात्री अडीचला कोणती हजेरी असते हे त्यांना लेखी विचारा. तोंडी नको. काय गोळा करता, कोणाला देता, किती दिवस ठेवता, आणि जुनं डिलीट कधी करणार. एकट्याने देऊ नका, पाच-दहा पालकांच्या सह्या घ्या, आणि एक प्रत अ‍ॅप कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला मेल करा, त्याचा पत्ता प्रायव्हसी पॉलिसीत शोधा.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. 'व्हाइल युजिंग' करून बघितलं, क्लासमध्ये अ‍ॅप उघडल्यावर हजेरी लागली, आणि आज सकाळी डॅशबोर्डमध्ये रात्रीची एकही नोंद नाही. अ‍ॅपमध्ये वरती 'लोकेशन परमिशन अपूर्ण' अशी लाल पट्टी येते, येऊ दे. बाण काढलेला तो मेसेज अजून ग्रुपवर पिन केलेला आहे, त्याच्याखाली मी आज हे सगळं लिहिणार आहे म्हणजे बाकीच्या मुलींच्या फोनमधलंपण बंद होईल. पत्राला मैत्रिणीची आई आणि अजून दोन घरं तयार आहेत. कोणाकडे असं पत्र मराठीत आधीच लिहिलेलं असेल तर इथे टाका, सोमवारी ऑफिस उघडल्यावर द्यायचंय. आणि एक राहिलंच, आयफोनवर हे बघायचं कसं? ग्रुपमधल्या काही जणींकडे आयफोन आहे.