३१ वा आठवडा, बीपी वाढतंय आणि नर्सिंग होममध्ये एनआयसीयू नाही, काय करावं?

कासारवडवलीची_ताई
नमस्कार मंडळी, पटकन सांगते. धाकट्या बहिणीला ३१ वा आठवडा चालू आहे, परवापासून बीपी १५०/१०० च्या आसपास, पायांवर सूज, सोनोग्राफीत बाळ १३०० ग्रॅम दाखवलं. आमच्या मॅडम चांगल्या आहेत, घरातल्या दोन डिलिव्हऱ्या त्यांनीच केल्यात, त्या म्हणतात वेळ आली तर सिझर इथेच करू आणि बाळाला गरज लागली तर अ‍ॅम्ब्युलन्सने एनआयसीयूला, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूला हलवू. आई म्हणते ओळखीचा डॉक्टर सोडायचा नाही. पण आमच्या मजल्यावरच्यांचं बाळ मागच्या वर्षी एनआयसीयूतच अकराव्या दिवशी गेलं, इन्फेक्शन म्हणाले. मला वाटायचं काचेच्या पेटीत ठेवलं की झालं. मग तिथे ही बाळं जातात कशाने?

रात्रपाळी_सिस्टर
ताई, नऊ वर्षं एनआयसीयूला काढलीत, ठाण्यातच, हॉस्पिटलचं नाव नको. आमच्याकडे इनबॉर्न आणि आऊटबॉर्न बाळांची नोंद वेगळी असायची, म्हणजे आमच्याच लेबर रूममधलं आणि बाहेरून आणलेलं. एकाच वजनाची, एकाच आठवड्याची बाळं असली तरी बाहेरून आलेल्यांचे हाल जास्त. दार उघडलं की पहिलं कळायचं ते गारठा, टेंपरेचर ३६.५ च्या वर हवं तर कितीतरी बाळं ३५ वर यायची, ओल्या टॉवेलात गुंडाळलेली, साखर उतरलेली, प्रत्येक श्वासाला कण्हत. ३१ आठवड्यांच्या फुप्फुसात ती फुगलेली ठेवणारं सर्फॅक्टंट पुरेसं तयार झालेलं नसतं, म्हणून सीपॅप, म्हणजे नाकातून दाबाने दिलेली हवा, जन्मल्या जन्मल्या लागतो, माजिवड्याच्या सिग्नलला अडकून नाही चालत. आमचे सर म्हणायचे, बाळाला हलवायचंच आहे ना, मग पोटातून हलवा.

इन्फेक्शनचं म्हणाल तर खरं आहे ते. शिरेतली लाइन, नळ्या, व्हेंटिलेटर आणि आमचे हात. क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर ही जंतूंची नावं ऐकली की पोटात गोळा यायचा, कारण साधी अँटिबायोटिक्स लागूच पडत नाहीत. म्हणून बघायला जाल तेव्हा पेटी किती चकाचक आहे ते बघू नका, एका सिस्टरकडे किती बाळं आहेत आणि ती एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाताना हात साफ करते का ते बघा.

दिवा_स्लो
मी कधी लिहीत नाही इथे. आमचं पहिलं ३० आठवड्यांचं, जवळच्या नर्सिंग होमला झालं, जुलै महिना, रात्रीचा पाऊस, विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलेलं म्हणून गाडी वळसा घालून. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन होता पण एवढ्याशा तोंडाला बसेल असा मास्क नव्हता. दोन दिवस होतं. दुसऱ्या वेळेला कळा सुरू व्हायच्या आधीच बायकोला एनआयसीयू असलेल्या ठिकाणी अ‍ॅडमिट केलं, ३२ व्या आठवड्यात झाली, २६ दिवस ठेवली, आता बालवाडीत जाते. ताई हलवा.

बिनधास्त_बेलापूर
एवढं घाबरवू नका हो कुणाला. माझे काका सातव्या महिन्यात घरीच झाले, आजीने कापसात गुंडाळून ठेवले, आज सत्तरीला पामबीचला चालायला जातात.

ओपीडी_नंतर
काकांना नमस्कार सांगा. पण त्या कापसात न वाचलेल्या बाळांचे पुतणे इथे लिहायला येत नाहीत.

मी पेडिॲट्रिक्सला रेसिडेंट आहे. २०२० च्या एसआरएसमध्ये, म्हणजे जन्ममृत्यूच्या सरकारी नमुना पाहणीत, पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू दर हजार जन्मांमागे देशात २०, महाराष्ट्रात ११. यातले बहुतेक पहिल्याच आठवड्यातले, आणि कारणं फिरून फिरून तीच, कमी दिवस कमी वजन, जन्मताना कोंडलेला श्वास, सेप्सिस म्हणजे अंगभर पसरलेलं इन्फेक्शन, जन्मजात व्यंग. तुमच्या बहिणीच्या बाबतीत हातात असलेली मोठी गोष्ट म्हणजे फुप्फुसांसाठीचं स्टेरॉइड, बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन, इंजेक्शन आईला देतात. पहिल्या डोसनंतर निदान २४ तास मिळाले तर पुरा फायदा, म्हणून आजच विचारा, सिझर ठरल्यावर नाही. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली पोटात दुखणं यातलं काहीही झालं तर लगेच निघा, ओपीडीची वेळ बघत बसू नका.

खर्चाची काळजी असेल तर सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजाताचे उपचार मोफत असतात. आणि बाळ झाल्यावर आईने चीक काढून द्यायचाच, दूध कमी पडलं तर मिल्क बँकेचं विचारा, आशियातली पहिली १९८९ साली आपल्या सायनलाच सुरू झाली. कांगारू केअर, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवणं, बाळ स्थिर झाल्यावर कधीतरी असं नका धरू, २०२१ च्या डब्ल्यूएचओच्या ट्रायलमध्ये लगेच छातीशी घेतलेल्या बाळांत मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होते, दिल्लीचं सफदरजंगही त्यात होतं.

कासारवडवलीची_ताई
सगळ्यांचे आभार, दिवावाले दादा तुमचे जास्त. मॅडमना भीत भीत विचारलं, रागावतील वाटलं होतं, तर त्यांनीच फोन करून बेड मिळवून दिला आणि पहिलं इंजेक्शन देऊनच पाठवलं. घोडबंदर रोडने सव्वा तास लागला, बाळ पोटात होतं म्हणून मी शांत. आई अजून धुसफुसतेय, पण डबा घेऊन तीच गेलीये.