पुलांची कंपनं मोजायला रोबोट आणावेत का?

महाडकर: 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल गेला, दोन एसट्या माणसांसकट गेल्या, आमच्याकडे अजून पाऊस वाढला की तीच रात्र आठवते. नंतर 2019 ला सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला आणि तो तर ऑडिटमध्ये किरकोळ दुरुस्ती सांगून पास केलेला होता! नुसतं डोळ्यांनी बघून पूल पास करणं बंद करा असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये चुंबकाच्या चाकांचे छोटे रोबोट केलेत, ते स्टीलच्या पुलावर चढतात, एका जागी थांबून सेन्सर गर्डरला (पुलाच्या आडव्या तुळईला) टेकवतात, कंपनं नोंदवतात आणि पुढच्या जागी जातात, त्यामुळे मोजक्या सेन्सरमध्ये अख्खा पूल कसा हलतो ते कळतं. आपल्याकडे का नको?

साईटवाला: दादा, सावित्रीचा पूल दगडी कमानींचा होता, त्याला चुंबक कुठे चिकटणार? आपले बहुतेक पूल काँक्रीटचे. दुसरं म्हणजे पूल कमकुवत झाला की त्याची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती वेळा हलतो तो आकडा, उतरते हे बरोबर, पण ऊन तापलं तरी ती बदलते, आणि छोट्या तड्याने होणारा फरक त्यातच हरवून जातो. अमेरिकेतला मिनियापोलिसचा पूल 2007 ला पडला तो सांध्यावरच्या प्लेटा डिझाइनमध्येच पातळ धरल्या म्हणून, आणि त्या दिवशी वर दुरुस्तीच्या सामानाचं वजन होतं. पहिल्या दिवसापासून चूक असेल तर फ्रिक्वेन्सी उतरलेली दिसणार कशी? मला विचाराल तर तो पैसा बेअरिंग (गर्डर ज्यावर टेकतात त्या गाद्या) बदलायला आणि पाणबुडे उतरवून पाया तपासायला द्या.

महाडकर: चुंबकाचं मान्य. पण पाया पण कंपनातून कळतो हो, जपानमध्ये रेल्वेवाले खांबावर जड वजन आपटून तो किती थरथरतो ते बघतात, पुराने पायाखालची माती नेली असेल तर खांब ढिला लागतो. आणि उन्हाचं म्हणाल तर वर्षभर मोजलं की उन्हाळ्यात किती हिवाळ्यात किती हे त्या पुलाचं कळतंच की, एकदाच मोजून कोण ठरवतंय?

इंद्रायणीकाठची: माझा विरोध वेगळा आहे. पुण्याजवळचा, इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल 15 जून 2025 ला पडला, चार जण गेले. तो धोकादायक आहे हे आधीच माहीत होतं, बोर्डही होता, तरी रविवारी त्यावर गर्दी झालीच. तिथे सेन्सरने नवीन काय सांगितलं असतं? दोन्ही टोकांना भिंत घालायला हवी होती आणि पर्यायी पूल वेळेत व्हायला हवा होता, एवढंच.

महाडकर: ताई, तिथलं तुमचं शंभर टक्के खरं. पण ज्या पुलांबद्दल कुणालाच काही माहीत नाही त्यांचं काय? अमेरिकेत गोल्डन गेट पुलावरून जाणाऱ्या गाड्यांमधल्या साध्या मोबाइलवरून तिथल्या एमआयटी विद्यापीठवाल्यांनी पुलाच्या फ्रिक्वेन्सी काढल्या, 2022 ला छापूनही आलं. आपली एसटी रोज त्याच त्या पुलांवरून जाते, प्रत्येक डेपोच्या दोन गाड्यांत फोन घट्ट बसवला तरी सुरुवात होईल, रोबोट राहू दे बाजूला.

साईटवाला: गोल्डन गेट लांबलचक झुलता पूल आहे, सावकाश आणि भरपूर हलतो, आपल्या छोट्या काँक्रीटच्या पुलावर गाडीचाच हादरा जास्त येईल. तरी एसटीत फोन लावायला माझी ना नाही, करून बघा. पण आकडा बिघडलेला दिसला तर रात्री दोन वाजता पूल बंद करायची सही कोण करणार, ते आधी ठरवून घ्या.