‘वाइड-आइड’ला मराठीत काय म्हणाल?

काना-मात्रा: एका कथेचा अनुवाद चालू आहे. वर्तमानपत्राच्या कचेरीत पहिल्याच दिवशी आलेल्या मुलीला लेखकाने ‘अ वाइड-आइड इंटर्न’ म्हटलंय. शब्दकोशात ‘डोळे विस्फारलेला’ आणि ‘भोळा’ असे दोन्ही अर्थ आहेत. कुठला घेऊ? ‘डोळस’ चालेल का?

तळटीप: ‘डोळस’ अजिबात नको, अर्थ पार उलटा होईल. डोळस म्हणजे पारखून, समजून घेणारा. इंग्रजीतही ‘विथ आइज वाइड ओपन’ म्हणजे धोके माहीत असताना, जाणूनबुजून. ‘वाइड-आइड’ माणसाला नेमके तेच धोके दिसत नसतात. शब्द तेच, पण अर्थाने दोन टोकं.

अर्थ ओळखायला शेजारचा शब्द बघा. पुढे ‘विथ फिअर’, ‘विथ वंडर’ असं आलं तर खरोखरचे डोळे मोठे झालेत. ‘ऑप्टिमिझम’, ‘आयडिअलिझम’च्या आधी आला तर भाबडेपणा. तुमच्या वाक्यातल्यासारखा थेट माणसाला लावला असेल, तर पुढची दोन-तीन वाक्यं वाचूनच ठरवावं लागतं. ती मुलगी नुसती बघतेय, की सांगितलेलं सगळं खरं मानतेय?

अनुस्वार: ‘भोळसट’कडे जाऊ नका. त्यात हिणवणं आहे, ते ‘गलिबल’च्या जवळचं. ‘भाबडी’त माया आहे, म्हणून तो शब्द इथे बसतो. ‘स्टारी-आइड’ही वेगळा: त्यात डोळ्यांपुढे स्वप्न असतं, मग ते लग्नाचं असो नाहीतर सिनेमात जाण्याचं. ‘वाइड-आइड’मध्ये समोरच्या गोष्टीचं नवल.

लिहिताना मधली जोडरेघ हवीच. ‘शी स्टेअर्ड वाइड-आइड’ असं क्रियापदानंतरही तो तसाच येतो, ‘ली’ लावायची गरज नाही.

काना-मात्रा: पुढच्या वाक्यात ती छपाईयंत्राकडे बघत उभी आहे, म्हणजे नवलच. ‘नवखी मुलगी डोळे विस्फारून बघत होती’ असं करते.

तळटीप: ‘विस्फारून’ भीतीनेही होतं, म्हणून ‘नवलाने’ जोडा. आणि घाईत ‘वटारून’ लिहू नका, तो राग झाला. पुढे संपादक तिला फसवणार असेल, तर तिथे ‘भाबडी’ वापरा. इंग्रजीत एका शब्दात मावलेलं मराठीत दोन ठिकाणी वाटून टाकलं तर बिघडत नाही.