खुनी बदलला ते चालेल, पण अकरावा माणूस कशाला?

रातराणी (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात 'अँड देन देअर वेअर नन' हा २००५ चा गेम खेळून संपवला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये. म्हणून हा धागा. एकच विनंती: खुनी कोण, हे कादंबरीतलंही नको आणि गेममधलंही नको. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांची मजा जायला नको.

थोडी पार्श्वभूमी. अगाथा ख्रिस्तीची ही कादंबरी १९३९ ची. इंग्लंडात डेव्हनच्या किनाऱ्यासमोर एक बेट, त्यावर एकच बंगला, तिथे वेगवेगळी निमित्तं सांगून दहा माणसांना बोलावलेलं असतं. यजमानाचा पत्ताच नाही. पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर ग्रामोफोनवर तबकडी लागते आणि तिच्यातला आवाज प्रत्येकाचं नाव घेऊन सांगतो की अमक्याच्या मृत्यूला तू जबाबदार आहेस. मग खोलीखोलीत टांगलेल्या बालगीतातल्या ओळींबरहुकूम एकेक जण मरायला लागतो. जेवणाच्या टेबलावर चिनी मातीच्या दहा बाहुल्या मांडलेल्या असतात, दर खेपेला त्यातली एक कमी होते.

गेममध्ये आपण असतो पॅट्रिक नॅराकॉट. कादंबरीत पाहुण्यांना बेटावर सोडणारा नावाडी आहे फ्रेड नॅराकॉट, त्याचा हा भाऊ. मूळ पुस्तकात तो नाही, गेमसाठी घडवलेला आहे. त्याची होडी कुणीतरी बुडवतं आणि तो या दहा जणांसोबत अडकतो. पुढचं सगळं आपण त्याच्याकडून करून घ्यायचं: खोल्या उचकायच्या, वस्तू गोळा करायच्या, एकीला दुसरी जोडून बघायची, लोकांना बोलतं करायचं.

आणि हो, गेममध्ये खुनी बदललेला आहे. बहुतेकांची तक्रार तीच असते. माझी ती नाही. माझी तक्रार पॅट्रिकबद्दल आहे. या कादंबरीत डिटेक्टिव्ह नाही, आणि तिची सगळी भीती त्यातूनच येते. दहा जण आणि दहाही आरोपी. तपास करणारा जो कोणी पुढे होतो, तोही ग्रामोफोनच्या यादीतलाच. वाचकाला टेकायला एकही खांदा नाही. गेमनं तो खांदा आणून दिला. ग्रामोफोननं ज्याचं नाव घेतलं नाही असा एक माणूस बेटावर आला आणि आपण त्याच्या आडोशाला सुरक्षित झालो. तुम्हाला काय वाटतं?

कोकणकडा

मुळीच पटलं नाही. गेम म्हटला की खेळणारा लागतोच ना? तो कोण असणार? दहातला एक केला तर तो मेल्यावर गेम संपला. खुनीच केला तर रहस्य संपलं. पॅट्रिक ही पळवाट नव्हे, तेवढा एकच रस्ता होता. उलट मला ती निवड फार हुशारीची वाटली. फ्रेड कादंबरीत आहेच, म्हणजे दार आधीपासून होतं, त्यांनी फक्त त्याच्या भावाला आत सोडलं.

खुनी बदलल्याबद्दल मात्र मी स्वतः चिडलो होतो. ही काही कुठली तरी फुटकळ रहस्यकथा नाही. इथे खुनी *तोच* का, याला कारण आहे. त्याचा हेतू, कुणाला आधी मारायचं आणि कुणाला शेवटी याचा त्याचा हिशोब, दहा जणांच्या गुन्ह्यांची त्यानं लावलेली प्रतवारी, सगळं एकमेकांत विणलंय. मधला एक धागा ओढला की वीण उसवते.

जुनेपुस्तक

खुद्द बाईंनीच शेवट बदलला होता हे विसरू नका. १९४३ मध्ये लंडनला या कादंबरीचं नाटक आलं, ते त्यांनी स्वतः लिहिलेलं. कादंबरीत बेटावर कुणीच उरत नाही (नावातच आहे, त्यामुळे हा रहस्यभेद नाही), नाटकात दोघं वाचतात. १९४५ च्या रने क्लेअरच्या सिनेमानंही नाटकाचाच शेवट घेतला. लेखिकेला माध्यम बदलल्यावर शेवट बदलावासा वाटतो, तर गेमवाल्यांनी का बदलू नये?

कोकणकडा

जुनेपुस्तक, तुम्ही दिलेला दाखला माझ्याच बाजूनं जातो. नाटकात बाईंनी *शेवट* बदलला, खुनी तोच ठेवला. म्हणजे काय हलवता येतं आणि काय नाही, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

जुनेपुस्तक

हा मुद्दा मान्य. पण नाटक बघणाऱ्याच्या हातात काही नसतं. तो खुर्चीत बसून बघतो, उत्तर माहीत असलं तरी नटांकडे बघत दोन-अडीच तास जातात. खेळणाऱ्याचं तसं नाही. उत्तर ठाऊक असेल तर त्यानं आठ-दहा तास ड्रॉवर कशासाठी उघडायचे?

आगगाडी

उत्तर ठाऊक असताना खेळण्यातही मजा असते, मी सांगते कशी. 'द एबीसी मर्डर्स'चा २०१६ चा गेम. कादंबरी १९३६ ची, मी तीनदा वाचलेली, खून कोणी केले ते पाठ. अँडोव्हर, बेक्सहिल, चर्स्टन हा खुनांच्या गावांचा क्रमही पाठ. तरी शेवटपर्यंत खेळले, कारण तिथे आपण पाहुणे नसतो, आपण स्वतः प्वारो, म्हणजे ख्रिस्तीचा डिटेक्टिव्ह, असतो. प्वारोसारखं वागलं की गुण मिळतात. एका खोलीत आरसा दिसला, बायकोच्या खुनानं खचलेला नवरा समोर बसलाय, आणि मी काय केलं तर आरशात बघून मिशा नीट केल्या. गुण मिळाले! तिथे माझ्या लक्षात आलं की मी खुनी शोधत नाहीये, मी त्या माणसाच्या कातडीत शिरून बघतेय.

त्यामुळे रातराणीचं मला पटतं. प्रश्न खुनी कोण हा नाहीच, आपण कोण हा आहे. फक्त मला खटकतं ते वेगळं. पॅट्रिक फार पुसट आहे. दहा जणांना चेहरे आहेत, याला नाही.

टिपणवही

मी खुनी बदलण्याच्या पूर्ण बाजूनं आहे आणि त्याचं कारण घरगुती आहे.

आमच्या आजोबांनी ही कादंबरी तरुणपणी वाचलेली. कॉलेजात असताना मी हा गेम आणला तेव्हा ते खुर्ची ओढून शेजारी बसायचे. इंग्रजी संवाद त्यांना भराभर ऐकू यायचे नाहीत, म्हणून खालचे शब्द मी मोठ्यानं वाचून दाखवायचो. पहिले दोन दिवस ते गालातल्या गालात हसत होते. मी कुणावर संशय घेतला की "बघ बाबा" एवढंच म्हणायचे. त्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं, आणि त्यांनी एका शब्दानं सांगितलं नाही. दर खुनानंतर मी पॅट्रिकला जेवणघरात न्यायचो आणि आजोबा चष्मा वर करून पडद्यावरच्या बाहुल्या बोटानं मोजायचे. आठ. सात. सहा.

मग हिशोब जमेना. त्यांच्या आठवणीतलं आणि पडद्यावरचं जुळेना. ते हसायचे थांबले आणि वही मागितली. पाठकोऱ्या कागदांची वही होती, तिच्यात त्यांनी दहा नावं लिहिली आणि समोर फुल्या मारायला लागले. पंचाहत्तरीच्या माणसाला पन्नास वर्षांपूर्वी वाचलेल्या रहस्याचं उत्तर *पुन्हा* शोधावं लागलं. शेवटी दोघंही चुकलो, आणि वेगवेगळ्या माणसांवर चुकलो. खुनी तोच ठेवला असता तर मी एकटाच खेळत राहिलो असतो आणि ते बघत बसले असते.

त्यात गेमच्या डब्यात मूळ कादंबरीही दिलेली होती. म्हणजे त्यांनी काही लपवलं नव्हतं. हे आमचं, ते बाईंचं, दोन्ही घ्या, असा सरळ व्यवहार. मी गेम संपवून लगेच कादंबरी वाचली आणि तिचा शेवट मला कोरा करकरीत मिळाला.

कोकणकडा

टिपणवही, खूप सुंदर लिहिलंत. आजोबा आणि त्यांची वही डोळ्यांसमोर आले. माझा विरोध थोडा ढिला करतो: कादंबरी सोबत दिली असेल तर खुनी बदलणं हे पुसून टाकणं होत नाही. तरीही ज्यानं फक्त गेम खेळला त्याच्यापर्यंत ख्रिस्ती पोचली नाही, एवढं मी धरून ठेवणार.

सांजवेळ

आपल्याकडचंच उदाहरण घ्या की. राजा नवाथेंचा १९६५ चा 'गुमनाम' याच कल्पनेवर. बेट, अनोळखी माणसं, एकामागून एक खून. खुनी वेगळा, कारण वेगळं, वर गाणी. आम्ही आवडीनं बघितला, कुणी खुनी बदलला म्हणून भांडलं नाही.

रातराणी

सांजवेळ, 'गुमनाम'ची आठवण काढलीत ते बरं झालं, कारण मला जे म्हणायचंय ते तिथेही दिसतं. त्या माणसांतला एक जण शेवटी पोलीस निघतो! म्हणजे १९६५ मध्येही कुणाला तरी वाटलं की प्रेक्षकाला एक भरवशाचा माणूस दिल्याशिवाय चालणार नाही. गेमनं चाळीस वर्षांनी तेच केलं. ही कादंबरी दुसऱ्या माध्यमात नेताना लोकांना आधी कशाची भीती वाटते, तर कुणीच निर्दोष नसण्याची.

कोकणकडा म्हणतात तसा दुसरा रस्ता नव्हता का? मला वाटतं होता. कादंबरीत बटलर रॉजर्सचा खून झाल्यानंतरचा एक प्रसंग आहे. सहा जण उरलेत. व्हेरा आणि मिस ब्रेंट मिळून नाश्ता करतात, सगळे टेबलाशी बसतात, एकमेकांना पदार्थ पुढे करतात, बोलणं अगदी शिष्टाचाराचं. आणि मग बाई त्या सहा जणांच्या मनातले विचार ओळीनं देतात, पण कुठला कुणाचा ते सांगत नाहीत. त्यातला एक विचार खुन्याचा आहे. तुम्ही तो वाचलेला असतो, आणि कळलेलं नसतं.

आता हा प्रसंग गेममध्ये कसा असता ते बघा. दर प्रकरणात आपण वेगळ्या माणसाच्या आत. कधी व्हेरा, कधी डॉक्टर, कधी लोम्बार्ड. माणूस मेला की दुसऱ्याच्या आत. आणि मधे कधीतरी, आपल्याला न कळता, आपण खुन्याच्या हातानं एखादं दार उघडलेलं असतं. पॅट्रिकच्या पाठीमागून चालणाऱ्या कॅमेऱ्याला हे जमणारच नाही. तो फक्त बंद दारांबाहेर उभा राहू शकतो.

जुनेपुस्तक

कल्पना जबरदस्त आहे, पण ती फसवणूक होईल. खेळणारा म्हणेल, मी ज्याचे हात चालवले त्याच्या मनातलं मला का सांगितलं नाहीत?

रातराणी

बाईंवर १९२६ मध्ये 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' या कादंबरीच्या वेळी नेमका हाच आरोप झाला होता, आणि ते पुस्तक आज त्यांच्या सगळ्यात नावाजलेल्या पुस्तकांत आहे.

आगगाडी

मधेच एक सांगते. 'मर्डर ऑन दी ओरिएंट एक्सप्रेस'चे गेम दोनदा आलेत. २००६ च्या गेममध्ये प्वारोचा पाय दुखावतो आणि त्याच्या वतीनं आपण अँत्वानेत मार्सो म्हणून डब्याडब्यातून फिरतो. प्वारोला आवाज डेव्हिड सुशेचा, तो एक आवाज ऐकायला मी दोनदा खेळले. २०२३ च्या गेममध्ये मात्र गोष्टच आजच्या काळात आणली आणि जोआना लॉक नावाची नवी डिटेक्टिव्ह घातली. म्हणजे दोन्ही वेळा कादंबरीबाहेरची एक बाई गाडीत चढवली गेली. पण मला एकदाही खटकलं नाही, कारण तिथे मुळात डिटेक्टिव्ह आहे. बर्फात अडकलेल्या गाडीत प्वारोला मदतनीस मिळाला तर गोष्ट मोडत नाही. त्या बेटावर मोडते. यावर मी रातराणीबरोबर.

टिपणवही

पण रातराणी, पॅट्रिक सुरक्षित आहे असं मला खेळताना कधी वाटलं नाही. आपण शेवटी कुणाला वाचवू शकतो यावर तिथे शेवट बदलतो. मी पहिल्या वेळी वेळेवर पोचलो नाही आणि एक माणूस माझ्यामुळे गेला. माझं नाव तबकडीत नव्हतं हे खरं. पण त्या रात्री आजोबा वही मिटून म्हणाले, "आता तुझंही नाव घाल यात."

रातराणी

हे मी विचारात घेतलं नव्हतं, टिपणवही. माझा गेम सगळे वाचवता येण्याजोगे वाचवून संपला, त्यामुळे मला तो डाग लागलाच नाही. पुन्हा खेळते, या वेळी मुद्दाम उशीर करून. तोवर पॅट्रिकबद्दलचं माझं म्हणणं मागे घेत नाही, पण "सुरक्षित" हा शब्द मागे घेते.

कोकणकडा

मी काल रात्री तो नाश्त्याचा प्रसंग काढून पुन्हा वाचला. खुनी माहीत असून दोन विचारांपाशी अडलोय. दोन्ही त्याचे असू शकतात. कुणाजवळ पुस्तक असेल तर बघा, पण उत्तर इथे लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.