भिशीत मागे राहणाऱ्यांचा चान्स खरंच वाढतो का?

प्रश्न (राजेंद्रनगर, इंदूर): आमची १२ जणींची भिशी आहे, दरमहा २,००० रुपयांची. डब्यातून एक चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिला २४,००० आणि ती चिठ्ठी फाडून टाकायची. आता एक जण म्हणून राहिल्या आहेत, "पहिल्या महिन्यात १/१२ आणि आठव्यात १/५, हा अन्याय आहे. चिठ्ठी परत डब्यात टाका." त्यांना तिसऱ्या महिन्यापर्यंत मुलीची फी भरायची आहे. त्यांना काय सांगू?

उत्तर (बारावीला गणित शिकवते): ताई, चिठ्ठी परत मुळीच टाकू नका. १/५ हा आकडा खरा आहे, पण तो सात महिने नाव न निघालेल्या बाईचा. आज, सुरुवातीला, तिथवर पोचण्याचीच शक्यता ५/१२ आहे. म्हणून आठव्या महिन्यात नाव निघण्याची शक्यता ५/१२ × १/५ = १/१२. तिसऱ्या महिन्याचं करून बघा: ११/१२ × १०/११ × १/१० = १/१२. वरचे-खालचे आकडे कटत जातात आणि प्रत्येक महिन्याला तेच उत्तर येतं. माझ्या वर्गात हे कटणं मी मुलांकडून फळ्यावर करून घेते, नुसतं सूत्र देत नाही.

चिठ्ठी परत टाकली तर दर महिन्याला १/१२ राहील खरं, पण वर्षभर एखादीचं नावच न निघण्याची शक्यता (११/१२)^१२, म्हणजे साधारण ०.३५! २४,००० भरून हातात काही नाही, आणि दुसरीला दोनदा. तो खरा अन्याय.

फीवाल्या ताईंचं नाव पहिल्या तीन महिन्यांत निघण्याची शक्यता ३/१२, म्हणजे पावच आहे. एवढ्या भरवशावर फी ठेवू नये. सगळ्यांच्या संमतीनं त्यांना पहिला नंबर देऊन टाका, बाकी ११ चिठ्ठ्या डब्यात.

उत्तर (सुदामानगर): आमच्याकडे गरजेप्रमाणे पहिला नंबर देतातच. कोणी कुरकुरत नाही.

प्रश्नकर्ती: पटलं, उद्याच बोलते. अजून एक: मागच्या भिशीत पहिल्या दोन महिन्यांत मी आणि माझ्या जाऊबाईच निघालो, त्यावरून कुजबुज झाली होती. हे इतकं दुर्मीळ आहे का?

उत्तर (बारावीला गणित शिकवते): पहिल्यांदा दोघींपैकी कोणीही, २/१२. मग उरलेल्या ११ मधून दुसरी, १/११. गुणाकार १/६६. पण १२ जणींच्या जोड्याही ६६च होतात आणि दर भिशीत त्यातली एक जोडी पहिली निघणारच. तुमच्या जोडीइतकीच शक्यता कुजबुजणाऱ्यांच्या जोडीचीही होती.