महिनाभर रोज एक भयपट, आणि त्यातून संस्थेसाठी निधी : कुणी केलंय का?

पायरव

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरभर रोज एक भयपट बघायचा, त्यावर रोज थोडं लिहायचं आणि ओळखीपाळखीच्यांकडून एका पॅलिएटिव्ह केअर संस्थेसाठी निधी गोळा करायचा, असं ठरवलंय. बरं न होणारं दुखणं असलेल्या पेशंटच्या घरी जाऊन वेदना आटोक्यात ठेवायच्या, जखमा बघायच्या, घरच्यांना शिकवायचं, हे या संस्थेचं काम. माझ्या वहिनीच्या शेवटच्या महिन्यांत त्यांच्या सिस्टर घरी यायच्या. पेशंटला कुशीवर वळवून जुनी चादर पाठीपर्यंत गुंडाळायची, तिला लगटून नवी अंथरायची, मग दुसऱ्या कुशीवर वळवून जुनी ओढून घ्यायची. हे त्यांनी दाखवेपर्यंत आम्ही तिघं मिळून वहिनीला उचलायचो आणि ती कळवळायची.

भयपटच का, तर वहिनी त्यांची जबरदस्त शौकीन. आजारपणातही संध्याकाळ झाली की "आज कुठला लावतेस?" हे ठरलेलं. मी मात्र खरोखर घाबरते. म्हणूनच माझ्यासाठी हे आव्हान आहे.

अडचणी अशा: सकाळी लवकर कामावर जायचं असतं, रोज एवढा वेळ कसा काढू? पैसे कसे घ्यावेत? आणि मोठ्या काकूंना हे अजिबात रुचलेलं नाही. "मरणाच्या दारातल्या माणसांसाठी भुताखेतांचे पिक्चर?" म्हणाल्या. त्यांचं बोलणं मनातून जात नाहीये. दादाची हरकत नाही, पण काकूंसारखं आणखी किती जणांना वाटेल?

जुना_प्रोजेक्टर

ताई, मी हे एका वाचनालयासाठी केलंय. जरूर करा.

आधी वेळेचं. कामाच्या दिवशी छोटे पिक्चर ठेवा. १९४२ चा 'कॅट पीपल' सव्वा तासाच्या आतच संपतो आणि घाबरट माणसासाठी त्याच्यासारखी सुरुवात नाही. रात्री एक बाई एकटी भिंतीच्या कडेने चालली आहे, मागे पावलं वाजतायत. मग पावलं थांबतात. ती वळून बघते, कुणी नाही. तिचा वेग वाढतो, आणि फिस्कारल्यासारखा आवाज येतो. आपण उडतो. असते बस! ब्रेक लावत समोर येऊन थांबलेली. पडद्यावर रक्ताचा थेंब नाही. ही युक्ती पुढे इतक्यांनी उचलली की निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या नावावरून तिला 'ल्यूटन बस' असंच म्हणतात. हे एकदा कळलं की दचकायला लावणारे प्रसंग तुम्हाला आधीच ओळखू यायला लागतील, आणि तेच लिहा. देणारी माणसं रोज तुमच्या त्या चार ओळींची वाट बघतात. पिक्चरची गोष्ट त्यांना कुठेही मिळते. तुम्ही कुठे थिजलात, कुठे उठून दिवा लावलात, ते फक्त तुमच्याकडे मिळणार.

लांबलचक पिक्चर सुट्टीला. जपानी 'क्वायदान' (१९६४) तीन तासांचा आहे, पण त्यात चार स्वतंत्र कथा आहेत, मध्ये खुशाल थांबा. आपल्याकडचा 'महल' (१९४९) घ्याच. 'आएगा आनेवाला'ची सुरुवात लांबून जवळ येते ना, त्यासाठी आपल्याला खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत यायला लावलं होतं, असं लतादीदींनीच सांगितलंय. हेडफोन लावून ऐका. भीती निम्मी कानातूनच येते. फार झालं तर आवाज बारीक करा, डोळे मिटू नका.

झोपायच्या तोंडावर बघू नका. पिक्चर आणि अंथरूण यांच्यामध्ये तासभर तरी दुसरं काहीतरी हवं. मी त्याच वेळात लिहून काढायचो.

दुसऱ्या आठवड्यात लोकांचा उत्साह ओसरतो, हे धरून चाला. तेव्हा पुढचा पिक्चर त्यांना निवडू द्या. दोन नावं ठेवायची आणि कौल घ्यायचा. पुन्हा जान येते.

हिशेबनीस

पैशाचं बोलतो, कारण अशा उपक्रमात पहिला किंतु तिथेच येतो.

एक रुपयाही स्वतःच्या खात्यात घेऊ नका. आधी संस्थेला कळवून त्यांचं नाव वापरायची लेखी परवानगी घ्या, त्यांच्याकडूनच देणगीची लिंक घ्या आणि लोकांना थेट तिथे पाठवा. पावतीही तिथूनच जाऊ दे. देणगीबरोबर उपक्रमाचं नाव लिहायची सोय असेल, तर संस्था तुम्हाला एकूण रक्कम सांगू शकेल. ती दर आठवड्याला जाहीर करा. कुणी किती दिले हे मात्र नको, थोडे देणारे संकोचतात.

"दर पिक्चरमागे अमुक" असं कबूल करणारे भेटतील. त्यांना महिन्याची कमाल रक्कम आधीच ठरवायला सांगा, आणि एखादा दिवस हुकला तर काय हेही. महिनाअखेरीला तगादा लावायची वेळ येऊ नये.

आणखी एक. चार लोक जमवून तिकीट लावून पिक्चर दाखवायचा मोह होईल. घरी बघायला घेतलेला पिक्चर जाहीर दाखवायला वेगळा परवाना लागतो, दानासाठी असला तरी. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) अमेरिकेत हक्कमुक्त आहे. ऐनवेळी नाव बदललं, नव्या पाटीवर कॉपीराइटची ओळ राहून गेली, आणि तिथल्या तेव्हाच्या कायद्याने हक्कच गेला. पण म्हणून तो सगळीकडे तसाच आहे असं समजू नका. आपापल्या ठिकाणचा कायदा बघा.

रात्रपाळी

मी याच कामात आहे, नर्स म्हणून. काकूंच्या बोलण्यावर लिहिते.

आमच्या पेशंटना आयुष्यभर जे आवडत आलं तेच शेवटीही हवं असतं. कुणी भजन लावायला सांगतं, कुणी मॅच, आणि हो, कुणी भुताचे पिक्चर. घरचे दचकतात, "आता हे कशाला?" म्हणतात. पण आवडीचं काही समोर असलं की त्या माणसाचं दुखण्यावरून लक्ष थोडा वेळ तरी हटतं. तुमच्या वहिनींना तुम्ही ते दिलंत. त्यात कुणाचाही अनादर नाही.

निवड करताना मात्र एक पथ्य पाळा. ज्या पिक्चरमध्ये आजारी माणसाचं शरीर हेच भीतीचं कारण आहे, पलंगावरचा पेशंटच राक्षस झालाय, ते या महिन्यापुरते बाजूला ठेवा. खाटेवर माणूस असलेल्या घरातले लोक तुमचं वाचणार आहेत, त्यांना ते लागेल. पछाडलेले वाडे, शाप, रक्तपिपासू, चालती प्रेतं, काही हरकत नाही. गरोदर बाईवर बेतलेले पिक्चरही बरेच आहेत, त्यांच्या आधी एका ओळीत तशी कल्पना देत जा.

आणि मधूनमधून आमच्या कामाचंही लिहा. तुमचा चादरीचा किस्साच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात ज्यांना अशा सेवेची गरज आहे त्यांतल्या जेमतेम १४ टक्के लोकांपर्यंत ती पोचते. बाकीच्यांच्या घरात ती चादर कशी बदलली जात असेल, याचा विचार मी रोज करते.

पायरव

सगळ्यांचे मनापासून आभार.

संस्थेला मेल केला, परवानगी आली, लिंकही मिळाली. यादीतून खाटेवरच्या पेशंटचे दोन पिक्चर काढून टाकले. वहिनीने त्यातला एक हट्टाने पाहिला होता, पण तिचं ती जाणे. वाचणाऱ्या बाकीच्या घरांचं मला माहीत नाही.

रात्रपाळी, तुमचा मजकूर काकूंना वाचून दाखवला. पिक्चर त्या बघणार नाहीत, वाचणारही नाहीत. पण सिस्टरना घरोघरी जायला गाडी संस्था देते का, हे त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही, आता संस्थेलाच विचारणार आहे.

'कॅट पीपल' पहिल्याच दिवशी ठेवलाय, 'महल' पहिल्या सुट्टीला. मधल्या आठवड्यातल्या काही जागा अजून रिकाम्या आहेत. दीड तासाच्या आतले, रक्तपात कमी आणि आवाजावर भिस्त असलेले आणखी सुचवा. भाषा कुठलीही चालेल, सबटायटल हवीत.